चेंडूचा एकच गाल

जिल्हा संघातला माझा फोटो बैठकीत लावलेला आहे. पाहुण्यांनी त्याबद्दल विचारलं की मी चहाचं बघतो म्हणून आत जातो — का जातो, हे बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

आमच्या गंगाखेडच्या संघात गौतम होता, राणीसावरगावचा. नवा चेंडू काय, कोणीही थोडाफार वळवतो. मीही वळवायचो. पण मॅटवर घासून खरबरीत झालेला जुना चेंडू — तो वळवावा गौतमनंच. शिवण सरळ उभी, दोन बोटं तिच्या दोन बाजूंना, मनगट ताठ. चेंडू अर्ध्या वाटेपर्यंत अगदी साधा यायचा, आणि मग कोणीतरी हाक मारल्यासारखा स्लिपकडे वळायचा. मी मिड-ऑफला उभा राहून बघत राहायचो. खोटं कशाला बोलू? इतकं देखणं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

चेंडू चमकवायचं काम माझं. तेही त्यानंच शिकवलं होतं. "एकाच गालाला पावडर लावायची, गड्या. दुसऱ्याकडं बघायचं बी न्हाई." एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरबरीत — या फरकावरच चेंडू वळतो. मी ती एकच बाजू उजव्या मांडीवर घासायचो, पांढऱ्या पँटवर लाल डाग पडेपर्यंत.

नामांतराच्या वादाचे दिवस होते ते. विद्यापीठाच्या नावावरून गावात माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली होती. गौतम बौद्ध, मी पाटलाच्या घरचा. मैदानावर मात्र चेंडू त्याच्या हातातून माझ्या हातात यायचा. अशात परभणीला निवडीचा सामना ठरला. आमच्यातून एकच गोलंदाज घेणार होते. काका म्हणाले, "त्यांचा पोरगा जिल्ह्याला जाणार आन तू घरी बसणार व्हय?" सगळं काकांवर ढकलता येईल का? नाही. काका मैदानात नव्हते.

त्या सामन्यात जुना चेंडू गौतमकडे आला. आणि मी — कसं सांगू — अंग जरा वळवून दुसरी बाजूही घासायला लागलो. डाव्या मांडीवर, त्याला दिसू नये म्हणून. दर चेंडूनंतर थोडी थोडी. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. चेंडू सरळ जायला लागला आणि फलंदाज तो आरामात मारायला लागले. शेवटच्या षटकाआधी गौतमनं चेंडू हातात फिरवून पाहिला, मग माझी पँट पाहिली. दोन्ही मांड्या लाल. वळला, आणि तेच ते ताठ मनगट घेऊन धावत आला. त्या षटकातही त्याची शिवण जराही हलली नाही. मला ते दिसत होतं.

निवड माझी झाली.

पुढच्या रविवारी मी सरावाला जाणार नव्हतो. गेलो, तर गौतम आधीच येऊन थांबला होता, हातात जुना चेंडू. म्हणाला, "जिल्ह्याला जायलास तर इनस्विंग बी शिकून घे." चकचकीत बाजू डावीकडे, शिवण फाइन लेगकडे — त्यानं माझी बोटं स्वतःच्या हातानं चेंडूवर बसवली. सकाळभर शिकवलं. पुढे जिल्ह्यासाठी मी जेवढे बळी घेतले, ते बहुतेक त्याच इनस्विंगवर.

निघताना त्यानं चेंडू माझ्याकडे दिला.

"एकच गाल, गड्या. तिथं तरी ध्यानात ठेव."

मी मान हलवली. बोललो काहीच नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.