आधी खटका पाड

दगडूआण्णा सगळ्यांच्या मागे पळत. साठी उलटलेली, अंगावर मूठभर मांस नाही, मनात आणलं तर आमच्यातल्या तिशीच्या पोरांना ते सहज मागे टाकतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दर रविवारी ते शेवटच्या माणसाच्या मागे दहा पावलं ठेवूनच पळायचे. आणि शेवटचं माणूस म्हणजे बहुतेक वेळा मी.

मी तासगावच्या हायस्कुलात गणित शिकवते. डॉक्टरांनी साखर सांगितली, तेव्हा शेजारच्या वहिनींनी मला या पळणाऱ्या मंडळीत ओढलं. पहिल्याच दिवशी एक किलोमीटरमध्ये माझा जीव गळ्याशी आला. मागून आवाज आला, "आवं मॅडम, घाई कशाला? गाव कुठं पळून जात न्हाई." वळून पाहिलं, तर विटक्या खाकी पँटीतले आण्णा. वीज खात्यात वायरमन म्हणून जन्म काढलेला माणूस. नोकरी संपली तरी पँट तीच.

ही मंडळी त्यांनीच जमवलेली. रविवारी पहाटे चौकातून निघायचं, पाच-सहा किलोमीटरवरच्या एखाद्या गावी पळत जायचं, दोन तास गावाचं काही काम करायचं आणि परतायचं. शाळेची भिंत रंगव, ओढ्यातलं प्लास्टिक काढ, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधं पोचव, रस्त्याकडेची वेडी बाभूळ तोड. "नुसतं पळून गाळलेला घाम मातीत जातो," आण्णा म्हणायचे, "काम करून गाळलेला गावात ऱ्हातो." दुसरं एक वाक्य तर नेहमीचंच. कुणी घाईने कशात हात घातला की ते ओरडायचे, "आधी खटका पाड, मग माणूस धर!" आधी वीज तोड, मगच चिकटलेल्याला हात लाव, असं विजेच्या कामातलं ते वाक्य आम्ही चेष्टेत घेतलं होतं. चहा सांडला तरी कुणीतरी म्हणायचं, "आधी खटका पाड!"

त्या एप्रिलमध्ये आण्णांनी आम्हाला त्यांच्या मुलखात नेलं. कर्नाटकाच्या सीमेवरच्या जत तालुक्यात त्यांच्या गावाजवळ एक मेंढपाळांची वस्ती आहे. तिथली जुनी विहीर कित्येक वर्षं काट्याकुट्यांनी बुजवून ठेवलेली. आतला गाळ काढला तर टँकरचं पाणी तरी तिच्यात साठवता येईल, असं वस्तीचं म्हणणं. टेंपोने फाट्यापर्यंत गेलो आणि तिथून पाच किलोमीटर पळायचं ठरलं. निघताना आण्णा म्हणाले, "म्या आल्याबिगर कुनी कामाला हात लावू नगा." हे ते दर वेळीच म्हणायचे. त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

त्या दिवशी माझ्या बरगडीखाली कळ धरली. दोनदा मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. "आण्णा, तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "आवं, मागं राहायचं म्हंजे राहायचं," म्हणत तेही शेजारी उकिडवे बसले. बाकीची मंडळी माळ ओलांडून दिसेनाशी झाली होती.

वस्ती हाकेच्या अंतरावर आली आणि आरडाओरडा कानावर पडला. आण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते धावत सुटले. इतक्या वेगाने पळताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा विहिरीभोवती सगळे गोळा झाले होते. काटेरी फांद्या बाजूला ओढलेल्या. संजू, म्हणजे आमच्यातला द्राक्षबागायतदार, हसरा, कुठल्याही कामात पहिला, दोराला धरून गाळ बघायला खाली उतरला होता. तळाशी टेकला, "काय तरी वास येतोय," म्हणाला आणि बसल्यासारखा कोसळला. चाळीस फूट खाली त्याचा पांढरा टीशर्ट दिसत होता. हलत नव्हता.

त्याचा धाकटा भाऊ विजय दोर कमरेला गुंडाळत होता. आण्णांनी त्याला मागून मिठी मारली.

"सोडा मला! माझा भाऊ हाय त्यो!"

"ब्याड! ब्याड!" आण्णा ओरडले. कानडीतलं 'नको'. फार चिडले की त्यांच्या तोंडून कानडी यायची. "आत हवा न्हाई रं! तू बी जाशील!"

विजयने चावा घेतला, लाथा झाडल्या, आण्णांच्या तोंडावर कोपर हाणलं. ओठ फुटून रक्त आलं, पण मिठी सुटली नाही. त्याला धरूनच ते हुकूम सोडत होते. पलीकडच्या रानात नव्या विहिरीचं काम चालू होतं. तिथे सुरुंगाची भोकं पाडणारा कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर उभा होता. दोघांना त्यांनी तिकडे पिटाळलं. एकाला जीप आणायला सांगितलं. तिघांना म्हणाले, "याला धरा. सुटला तर म्या तुमास्नी सोडणार न्हाई." मग तारेला चिंधी बांधून पेटवली आणि विहिरीत सोडली. निम्म्यावर जाऊन ती फुंकर मारल्यासारखी विझली. ते पाहून आणखी दोघे जे चपला काढून उभे होते, ते मागे सरकले.

ट्रॅक्टर येईपर्यंतचा वेळ मी मोजला नाही. विजय भावाला हाका मारत होता. वस्तीवरच्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. मी मात्र एकच हिशेब करत होते. पहिल्यांदा दगडावर किती वेळ बसले, दुसऱ्यांदा किती.

कॉम्प्रेसरचा पाइप आत सोडला. हवा घोंघावू लागली. दुसरी चिंधी तळापर्यंत पेटती गेली, तेव्हा आण्णा स्वतः कमरेला दोर बांधून उतरले. आधी संजू वर आला, मग ते.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फार वेळ घेतला नाही. "आतल्या वायूने दोन श्वासांत शुद्ध जाते," त्या म्हणाल्या. "मागून जो उतरला असता, तोही गेला असता."

हे विजयच्या कानापर्यंत पोचलंच नाही. स्मशानात सगळ्यांसमोर तो आण्णांना म्हणाला, "तुमी मला धरलं म्हणून माझा भाऊ गेला." आण्णा खाली मान घालून उभे राहिले.

मंडळी फुटली. वीस-बावीस जणांतले चार उरले. मी तीन रविवार गेले नाही. चौथ्या रविवारी दुपारी आण्णांच्या घरी गेले आणि जे पोटात होतं ते बोलून टाकलं. "मी बसले नसते तर तुम्ही वेळेवर पोचला असता."

ते म्हणाले, "मॅडम, मागं राहायचं म्या ठरवलं हुतं. इहीर बी म्याच दाखवली. आत काय असतं ते मला ठावं हुतं आन् म्या नीट सांगितलं न्हाई. तुमच्या वाटणीला यातलं काय बी येत न्हाई."

मग त्यांनी पहिल्यांदाच ती हकिगत सांगितली. ते नोकरीत नवे असताना एका रानात तुटलेल्या तारेला एक शेतकरी चिकटला. त्याचा भाऊ सोडवायला धावला. आण्णा खांबाकडे पळाले होते, वीज तोडायला. "त्या भावाला धरायला पायजे हुतं. म्या खटक्याकडं पळालो. परत आलो तवा दोघं बी गेल्याले. त्यांच्या म्हाताऱ्या आईला एक तरी लेक ऱ्हायला असता."

पुढच्या रविवारी मी चौकात गेले. आण्णांनी एक नवं काम काढलं होतं, आसपासच्या गावांतल्या पडक्या विहिरी शोधून त्यांवर जाळी बसवायचं. आता ते सगळ्यांच्या आधी निघून कामाच्या जागी उभे राहात. शेवटच्या माणसामागे पळायचं काम त्यांनी मला दिलं. हळूहळू माणसं परतली. विजय आला नाही. रस्त्यात आण्णा दिसले तर तो मोटारसायकल वळवून दुसऱ्या गल्लीने जाई.

दोन वर्षांनी आण्णांचे गुडघे गेले. वाईला त्यांची लेक असते, ती त्यांना न्यायला आली. आम्ही दहा-बाराजण एसटी स्टँडवर जमलो होतो. गाडी लागली, सामान चढलं आणि विजय गर्दीतून पुढे आला. कडेवर वर्षभराची मुलगी.

"आण्णा, माझा राग गेलेला न्हाई," तो म्हणाला.

"व्हय रं."

"रोज इचार करतो. तुमी सोडलं असतं तर काय झालं असतं." मुलगी त्याच्या शर्टाची गुंडी ओढत होती. "मग हिच्याकडं बघतो. ही कुठनं आली असती?"

त्याने मुलीला आण्णांच्या हातात दिलं. आण्णांनी तिला छातीशी धरलं. कंडक्टरने दोनदा हाक मारली, तरी त्यांनी तिला सोडलं नाही. शेवटी लेकीने हळूच मुलीला त्यांच्याकडून घेतलं आणि विजयकडे दिलं.

गाडी स्टँडबाहेर पडेपर्यंत विजय तिथेच उभा होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, रविवारी किती वाजता?"

"सहाला," मी म्हटलं. "चौकात."