वर्नाने चाल वाढवली

रीनो शहरातल्या एका जुन्या जुगारघरात दुपारच्या टेबलावर सगळी साठीपलीकडची मंडळी. तिथे पहिल्या फेरीत सहसा कुणी चाल वाढवत नाही. हातात बारीकशी जोडी आली, की किमान रक्कम टाकून गुपचूप आत शिरायचं आणि बक्षिसाची आस धरायची. हातातली दोन आणि टेबलावर मांडलेली सगळ्यांची सामायिक पानं मिळून झालेला तीन एक्के आणि एक जोडी असा जबरदस्त डाव चार सारख्या पानांपुढे हरला, की जुगारघराचं मोठं बक्षीस फुटतं. अर्धं हरणाऱ्याला, पाव जिंकणाऱ्याला, उरलेलं टेबलभर. बापड्यांची हयात या आशेवर चालली आहे.

वर्ना हॉकेट मात्र पत्त्यांवरच पोट भरणारी. कंबर गेली, डोळे चुरचुरतात, खुर्चीचा तर वीट आला आहे. ते बक्षीस लागलं तर हे सगळं सोडून ऑरेगनला बहिणीकडे जायचं आणि पोटभर झोपायचं, एवढीच तिची इच्छा उरली होती.

त्या दुपारी तिच्या हातात एक्क्यांची जोडी आली. आधीचे चौघे नुसतेच आत शिरले होते, शेजारचा ऑर्व्हिलसुद्धा.

"तूही ये की गं गुमान," तो म्हणाला. "रोज काय फणा काढतेस!"

गर्दी झाली की एक्क्यांचंही काही खरं नसतं, हे तिला पाठ होतं. तरी आज वाटलं, जाऊ दे, येऊ देत सगळ्यांना. पण सवय जाते कुठे? तिने चाल वाढवली, चांगली घसघशीत.

एकेकाने डाव सोडून पानं टाकली. ऑर्व्हिल जरा घुटमळला, मग त्यानेही टाकली. वर्नाने एक्के उलटून दाखवले.

"टेबलावर काय आलं असतं, दाखव तरी!" कुणीतरी नेहमीसारखं पानं वाटणाऱ्याला म्हणालं. त्याने तीन पानं मांडली. एक्का, चव्वी, चव्वी. म्हणजे वर्नाचे तीन एक्के आणि एक जोडी; कुणाच्या हातात उरलेल्या दोन चव्व्या असत्या, तर बक्षीस फुटून अर्धं तिचं झालं असतं.

"चव्व्यांची जोडी कुणाकडे होती रे?" पलीकडून मेबल ओरडली.

"माझ्याकडे दुर्री-सत्ती होती बुवा," ऑर्व्हिल कॉफीत बघत म्हणाला. "शुद्ध कचरा."

ऑर्व्हिलने कचऱ्यावर कधी दमडी टाकलेली नव्हती. सगळं टेबल हे जाणून होतं आणि जो तो आपापली रक्कम मोजू लागला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर वर्नाला बरं वाटलं असतं.

"उद्या येशील ना?" त्याने हळूच विचारलं.

"न येऊन जाते कुठे?" वर्ना म्हणाली, आणि तिने पुढची पानं उचलली.