दोन थरांची गोधडी

आमच्या गोधडी ग्रुपमध्ये टाके कमी आणि किस्सेच जास्त! कोपरखैरण्याला सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही तिघी दुपारच्या शिवायला बसतो आणि उठेपर्यंत काहीतरी घडलेलं असतंच. आता या एकाच गोधडीचं घ्या.

गोधडी होती अक्कांच्या लेकीसाठी. अक्का साताऱ्याकडच्या. त्यांची एकुलती एक प्रियांका नोकरीसाठी जर्मनीला निघाली आणि अक्कांना एकच घोर लागला. पोरगी तिकडे थंडीने आजारी पडली तर बघणार कोण? त्यांनी फर्मान काढलं, गोधडीत फायबरचा एक नाही, दोन थर घालायचे!

"एक थर बस झाला, अक्का," नसीमभाभी म्हणाल्या. त्या मूळच्या उरणच्या, आणि आमच्यात सगळ्यात साफ हात त्यांचा. "पोरगी नोकरीला चाललीय, बर्फात झोपायला नाय!"

"तुमाला काय हुतंय बोलायला? लेकरू माझं गारठंल!"

विषय संपला.

*

दोन थरांची ती गादी शिलाई मशीनच्या सुईखाली शिरेचना. मी पुढून ओढतेय, नसीमभाभी मागून ढकलतायत. गोधडी होती तिथेच, मशीन मात्र टेबलाच्या कडेला जाऊन पोचलं!

अक्का शांतपणे म्हणाल्या, "गोधडी ऱ्हाऊ द्या. आता मशीनच फिरवा तिच्यावरनं!"

*

शेवटी हॉलमधल्या सतरंजीवर गोधडी पसरली आणि हातानेच शिवायला घेतली. थर जाड, त्यामुळे सुई जोर लावून खुपसावी लागायची. तीन दुपारी आम्ही मान वर केली नाही. काम झाल्यावर कौतुकाने गोधडी उचलली, तर खालची सतरंजीही वर आली!

नेमके तेव्हाच सेक्रेटरी दारात. सतरंजीकडे बघत म्हणाले, "वहिनी, ती सोसायटीची आहे. जर्मनीला जाणार नाही!"

*

सगळं उसवून पुन्हा शिवलं. आता अक्कांना खात्री करून हवी होती. माझ्या बेडरूमचा एसी फुल केला आणि नसीमभाभींना गोधडीखाली झोपवलं. थंडी वाजली की त्यांनी हाक मारायची, असं ठरलं.

चहा झाला, दुसरा चहा झाला, हाक नाही. दार उघडून बघतो तर भाभी चक्क घोरतायत!

अक्कांनी गदागदा हलवलं. "थंडी वाजली का न्हाई?"

"मला काय माहीत? मी झोपले होते ना!"

*

मग बॅगेची कसरत. प्रियांकाने गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून व्हॅक्युम क्लीनरने आतली हवा काढली. पिशवी पार चपटी होऊन बॅगेत बसली. सगळ्या खूश, फक्त अक्कांचा चेहरा पडला. आम्ही वळलो तेवढ्यात त्यांनी बॅगेत हात घालून पिशवीचं हवेचं झाकण उघडून टाकलं. गोधडी फुगली आणि बॅग टुणकन उघडली!

"अहो अक्का, हे काय केलंत?"

"जीव गुदमरला होता तिचा!"

शेवटी जागा करायला प्रियांकाने आपलं नवंकोरं जाड जॅकेट बाहेर काढलं. नसीमभाभी म्हणाल्या, "झ्याक! आता गोधडी पांघरूनच ऑफिसला जा!"

पोरगी गेली. त्यानंतर अक्कांचं कशात लक्ष लागेना. सुईत दोरा ओवून नुसत्या बसून राहायच्या.

*

परवा आम्ही शिवत असताना प्रियांकाचा व्हिडिओ कॉल आला. अक्कांनी फोन एवढा जवळ धरला, की पोरीला बिचारीला नुसतं नाकच दिसलं असणार! जेवलीस का नाही, झोपलीस का नाही, काही नाही. पहिला प्रश्न, "थंडी वाजती का गं?"

"अजिबात नाही आई! रूममध्ये इतका मस्त हीटर आहे ना, मी टी-शर्टवरच झोपते."

"आन् गोधडी?"

"आहे ना, कपाटात. नीट ठेवलीय."

नसीमभाभींनी हळूच माझा हात दाबला. आता या रडणार, असं वाटून मी पाण्याची बाटली पुढे केली.

अक्कांनी बाटली बाजूला सारली, फोन तोंडाशी नेला आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "मग हीटर बंद कर की!"