राखाडी गाड्या

भिका काल गेला. तो कामचुकार नव्हता, एवढेच मला इथे सिद्ध करायचे आहे.

'सालस माणूस' असे कमेंटमध्ये कुणी लिहू नये. तो उद्धट होता.
आणि बरोबर होता.

चिकलठाण्याच्या आमच्या फाउंड्रीत तो बॅग फिल्टर सांभाळायचा. मी त्याचा साहेब.

लोखंडी चेंबरमध्ये माणसाहून उंच कापडी पिशव्या टांगलेल्या असतात. धुळीची हवा पिशवीच्या बाहेरून येते, धूळ कापडावर अडते, स्वच्छ हवा पिशवीच्या आतून चिमणीकडे जाते. मधूनमधून आतून हवेचा झटका देऊन साचलेली धूळ पाडायची.

एकदा कस्टमरची व्हिजिट होती. मी म्हणालो, "सगळ्या पिशव्या ब्रशने घासून पांढऱ्या कर."

"नाय साहेब. पातळ थर ऱ्हाऊ द्या. बारीक धूळ त्योच धरतो."

"धूळच धूळ अडवते? हे विधान स्वतःलाच खोडते, भिका."

"आमच्या आज्ज्याची घोंगडी नवी व्हती तवा लई गळायची. मुरली, मळली, मंग थेंब येईना. तुमी असता तर धुवाया लावली असती."

सगळे हसले. मी नाही.

तोंडाला रुमाल बांधून तो दोन दिवस आत घासत होता.

व्हिजिटच्या दिवशी पिशव्या शुभ्र होत्या. पाहुणे खूश होऊन बाहेर आले. चिमणीखाली लावलेल्या त्यांच्या पांढऱ्या गाड्या राखाडी झाल्या होत्या. एकाने बॉनेटवर बोट ओढून माझ्यासमोर धरले.

भिकाला मेमो मिळाला: 'पिशव्यांच्या सफाईत कामचुकारपणा.'

पुढे खोकला लागला, तेव्हा त्याने स्टोअरमध्ये बदली मागितली. फाईलमध्ये मेमो होता. बदली नाकारली. तो धुळीतच राहिला.

गेल्या महिन्यात पिशोरला त्याच्या घरी गेलो. प्रत्येक शब्दाला दम लागत होता.

"साहेब, आता माझीच पिशवी गच्च झाली. झटका द्यायचं बटन कुठंय?"

हसला. मग बराच वेळ खोकला.

"आमची सुमन आता तुमच्याच हापिसात हाय. तिनं त्यो कागद वाचला. बाप कामचोर व्हता म्हंती. तसं नव्हतं, तेवढं लिहून द्या."

"देतो," म्हणालो. दिले नाही.

सुमन, आता नीट वाच.

तुझ्या वडिलांनी कुचराई केली असती, तर पिशव्यांवर थर राहिला असता. थर राहिला असता, तर गाड्या पांढऱ्या राहिल्या असत्या. गाड्या राखाडी झाल्या. म्हणजे त्यांनी काम चोख केले होते.

माझी चूक: हा युक्तिवाद मला त्या बोटाकडे पाहतानाच सुचला होता. मेमो मी त्यानंतर लिहिला.

भिका, कागद दिला. उशिरा दिला. ये आता.

— द. वि. कुलकर्णी
पुंडलिकनगर