कीबोर्डाला बोरचं पाणी

मला यंत्रातलं काहीतरी कळतं, असा आमच्या घरात एक गैरसमज होता, आणि तो मीच पसरवला होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर भाईंदर पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत बायकोने कॉम्प्युटर मांडून मराठी टायपिंग सुरू केलं, तेव्हा या गैरसमजाला चांगलेच दिवस आले.

मुंबईतली नोकरी सुटल्यावर हे काम तिने स्वतः उभं केलं होतं. पण त्या वर्षी दिवाळी अंकाची पानं हातात असतानाच तिच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. एकदा चहाचा कप सुटला, आणि सुटल्याचं तिला फुटल्याच्या आवाजाने कळलं. डॉक्टर म्हणाले, हाताला विश्रांती द्या.

"देईन की. दिवाळीनंतर," ती म्हणाली. पानं परत केली तर प्रेसवाला पुन्हा आपला जिना चढणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

मग मी पुढे सरसावलो. ऑफिसच्या भंगारातून एकाच कंपनीचे दोन जुने जपानी कीबोर्ड उचलून आणले. त्यांच्या आत धातूला धातू टेकतच नाही. प्रत्येक बटणाखाली रबराची टोपी, तिच्या पोटात शंकूसारखी इवलीशी स्प्रिंग. ती दबून जवळ आली, एवढ्यावरच खालच्या सर्किटच्या पाटीला कळतं. एक कीबोर्ड धडधाकट, पण दाबायला जड. दुसरा लोण्यासारखा हलका, पण त्याची पाटी मेलेली. कोण किती जड हे बघायला मी बटणांवर नाणी रचत बसलो.

"अहो, टायपिंग करायचंय की दक्षिणा ठेवताय?"

"तुला नाही कळायचं. शास्त्र आहे हे."

शास्त्राप्रमाणे हलक्याच्या टोप्या काढून जडाच्या उजव्या बाजूला बसवल्या. स्प्रिंगा तिळासारख्या पसरल्या. बऱ्याचशा चटईत सापडल्या, एक माझ्या टाचेत. पण कीबोर्ड चालला. ती पानभर टाइप करून उठली आणि नेहमीसारखा हात झटकला नाही. मी तिथेच थांबायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. हत्यारांची पूजा नको? मी कीबोर्ड पाटावर मांडला, तोही वरचा भाग सोडवून, कारण एवढी कारागिरी देवाला दिसायला हवी. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आणि फुलाने सढळ हाताने पाणी शिंपडलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कीबोर्ड जोडून ती बसली. बोट लावायच्या आधीच पडद्यावर 'म' उमटू लागले. ओळीच्या ओळी.

"हा जप करतोय," ती म्हणाली. हसली नाही. "पाणी कुठलं घेतलंत?"

"बादलीतलं."

"बोरचं? देवाला बोरचं पाणी?"

आमच्या बोरच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. बादल्यांच्या कडांना मिठाचा पांढरा थर बसायचा. मी कीबोर्ड गॅलरीत उन्हात वाळवला. 'म' थांबेनात. पाणी उडालं होतं, मीठ पाटीवर तसंच होतं.

तेवढ्यात प्रेसवाला दारात. "भाभी, संध्याकाळी येतो हां. नाय होणार असेल तर आत्ताच बोला, दुसरीकडे देतो. मला पण अंक काढायचाय."

"होईल," ती म्हणाली. तो गेल्यावर तिने स्वतःचा आधीचा कीबोर्ड काढून जोडला आणि कामाला लागली. दोन ओळींनंतर हात झटकला. आणखी एका ओळीनंतर पुन्हा. मला ते बघवेना.

मी जपवाला कीबोर्ड पुन्हा उघडून धुवायला मोरीत घेऊन बसलो, तर ती उठून आली. पिण्याच्या पाण्याची कळशी, जिला घरात कुणी उष्टा हात लावत नसे, तिने माझ्यापुढे ठेवली.

"धुवा याने. आणि आता मंत्र नको."

पाटी धुतली, पुसली, दुपारच्या उन्हात खडखडीत वाळवली. टोप्या लावल्या, स्प्रिंगा लावल्या. 'म' थांबला.

ती बसली. मी पडद्याकडे न बघता तिच्या हाताकडे बघत होतो. बोटं चालत होती, मऊ ठकठक ऐकू येत होती, आणि प्रेसवाला जिना चढून आला तेव्हा शेवटचं पान प्रिंटरमधून सरकत होतं.

तो गेल्यावर मी चहा केला. "कसा वाटला कीबोर्ड?"

"हलका आहे हो. खरंच हलका आहे."

तिने कप डाव्या हाताने घेतला. उजवा मांडीवर होता, उताणा, आणि ती एकेक बोट मिटून बघत होती.