पापड लाटायचं बोलावणं

बाई कुलगुरू झाल्या त्या दिवशी धुळ्याच्या आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात त्यांचा परिचय मीच लिहिला. जळगावच्या मेहरूणमधलं बौद्ध कुटुंब, वडील नगरपालिकेत नोकरीला, समाजशास्त्रात पीएच.डी., अमळनेरला काही वर्षं अध्यापन, मग विद्यापीठात विभागप्रमुख. मी त्यांची विद्यार्थिनी, त्यामुळे कोणाला काही विचारावं लागलं नाही. एक गोष्ट मात्र त्या मजकुरात कुठेच बसत नव्हती, म्हणून ती राहिली. बाईंना एका गल्लीतून पापड लाटायचं बोलावणं हवं होतं आणि ते आलेलं नव्हतं.

ते गाव सोनगीरच्या अलीकडे, महामार्गावरून थोडं आत. उन्हाळ्यात तिथे घरोघर उडदाचे पापड होत. जिच्याकडे पीठ कुटलं असेल तिने सकाळीच सांगायचं, आज आमच्याकडे. बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. दुसऱ्या दिवशी दुसरं घर. कोण कोणाला बोलावतं, कोणाला विसरल्यासारखं करतं, जावाजावांचं भांडण मिटलं की नाही, हे सगळं त्या बसण्यात दिसे. बाईंचा अभ्यास त्यावरच होता. जातीबद्दल थेट विचारलं की लोक भाषण करतात, असं त्या वर्गात सांगत. त्यापेक्षा पापड लाटायला कोण बसतं ते बघा.

बौद्ध वस्तीत त्या पहिल्याच उन्हाळ्यात लाटायला बसल्या. तिथे त्या सगळ्यांच्या ताई होत्या. वरच्या गल्लीत शेतकऱ्यांची घरं. तिथे अक्काचा शब्द चाले. अक्का बाईंना ओट्यावर बसवून घ्यायची, चहा द्यायची, पाऊसपाण्यापासून सुनेच्या माहेरापर्यंत सगळं बोलायची. पण आत पोळपाटं मांडली गेली की बाई ओट्यावरच राहत.

बाईंबरोबर अभ्यासाला जाऊ लागले तेव्हा मला पहिल्याच दिवशी आत बोलावलं गेलं. मी यावलकडची, केळीवाल्यांच्या घरातली. माझं गाव आणि आडनाव अक्काने आधीच विचारून घेतलं होतं. मी बाईंकडे पाहिलं.

"जा," त्या म्हणाल्या. "आणि आत गेल्यावर तोंड कमी चालव."

आत अक्काने माझा पापड उजेडात धरला, मोडून गोळा केला आणि परत माझ्यापुढे टाकला. केळीवाल्यांच्या हातांना काम ते काय ठाऊक, असं ती म्हणाली. बायका हसल्या. बाहेर ओट्यावर बाईही हसल्याचं मला ऐकू आलं.

परतीच्या एसटीत त्या सगळं विचारून घेत. कोण कोणाच्या शेजारी होतं, पाणी कोणी दिलं, कोण मध्येच उठून गेलं. त्या दिवशी सगळ्यात शेवटी त्यांनी विचारलं, "तुझे पापड मोडले तिने?"

"मोडले की."

"बरं आहे तुझं," बाई म्हणाल्या.

त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत बारीक रेषांचं लाटणं असे. धुळ्याच्या बाजारातून खास पापडांसाठी घेतलेलं. दर उन्हाळ्यात ते वरच्या गल्लीपर्यंत येई आणि पिशवीतूनच परत जाई. बोलावणं मागायचं नसतं, असं त्यांचं मत होतं. मागून मिळालं तर त्याची नोंद काय करायची?

कुलगुरूपद स्वीकारताना त्या मला म्हणाल्या, पाच वर्षं, मग परत गावात. ती पाच वर्षं मी बातमीदार म्हणून समोरच्या खुर्चीत बसून पाहिली. लांबलेले निकाल, मोर्चे, समित्या, कोर्टाच्या तारखा. बाई मोजकं बोलत आणि नेमकं बोलत. पत्रकार परिषद संपल्यावर, बाकीचे चहाकडे वळले की, मला हळूच विचारत, उडीद निघाला का गं तिकडे?

त्या काळात त्या गावात एकदाच गेल्या, बचत गटाच्या पापड केंद्राच्या उद्घाटनाला. पुढे पोलिसांची गाडी होती. शाल झाली, नारळ झाला, मखमली कापड टाकलेली खुर्ची झाली. छायाचित्रकाराला बाईंनी पापड लाटलेला हवा होता, तेव्हा आधीच लाटून ठेवलेला एक पापड टेबलावर मांडला आणि त्यावर त्यांच्या हातात लाटणं दिलं. तो फोटो आम्ही छापला. अक्का पहिल्या रांगेत होती. तिने बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

निवृत्तीनंतर बाईंनी मला फोन केला आणि आम्ही एसटीने गेलो. गाडी नको म्हणाल्या. वरच्या गल्लीत बऱ्याच दारांना कुलपं होती. कोणी धुळ्यात, कोणी सुरतेला. अक्का ओट्यावरच होती, ऐकायला थोडं कमी येत होतं. सुनेने चहाबरोबर भाजलेले पापड आणले. पाकीट त्याच केंद्राचं होतं.

आज बायका कोणाकडे बसल्या आहेत, बाईंनी विचारलं.

"आते कोन लाटस, बाई," अक्का म्हणाली. "पाकीट भेटस."

मग कोणी न विचारताच केंद्राच्या उद्घाटनाचं वर्ष काढून म्हणाली, "त्या साले तुले बलावनार व्हती मी. सूनले सांगेल बी व्हतं. तू मोटारमा बठीसन उनी. एवढी मोठी बाई, तुले कशी म्हनू, खाले बस नि लाट?"

बाईंनी हातातला पापड ताटलीत ठेवला. वही त्यांनी आणली होती. ती पिशवीतच राहिली.

"आता म्हण," त्या म्हणाल्या.

"आते ना तुना गुडघा राह्यना, ना मना."

त्यावर दोघी हसल्या आणि विषय तिथेच थांबला. येताना मी सुनेला माझा नंबर दिला.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. अक्काने उडदाची डाळ दळून आणायला लावली होती आणि मास्तरीनबाईला घेऊन यायला सांगितलं होतं. आम्ही गेलो तेव्हा पीठ कुटून, तेलाचा हात लावून, ओल्या फडक्याखाली ठेवलेलं होतं. खाली बसणं दोघींनाही शक्य नव्हतं. सुनेने बाजेवर फळी टाकली, तिच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या ठेवल्या. बाईंनी पिशवीतून लाटणं काढलं.

मी ओट्यावर बसले. मला कोणी आत बोलावलं नाही आणि मीही उठले नाही. पूर्वी या वेळेला गल्लीभर बांगड्यांचा आणि लाटण्यांचा आवाज असे, कोणीतरी कोणाच्या तरी नवऱ्याची नक्कल करत असे. आता दोनच लाटणी वाजत होती, तीही मागे-पुढे. मग एक थांबलं.

"जाड व्हई गया," आतून अक्काचा आवाज आला. "मोड."

थोड्या वेळाने पुन्हा तेच.

संध्याकाळच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या. हाताला तेल आणि पापडखाराचा वास होता. त्यांनी हात धुतले नव्हते. अभ्यासाचं पुस्तक आता होणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. कोण कोणाला बोलावतं, हे बघायला गल्लीत माणसंच राहिली नव्हती. मी विचारलं, किती मोडले?

"बठ्ठा," बाई म्हणाल्या. सगळे. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

महामार्ग लागल्यावर, काचेकडे तोंड करून, त्या म्हणाल्या, "बाकीच्या असायला हव्या होत्या गं."