सकाळ कुठल्या शिफ्टची

चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. दोन सप्लायरांच्या पार्टची तुलना करून चुका काढायच्या, यावरच माझा पगार चालतो. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवायच्या दोन औषधांची माहिती देऊन "विचार करून या" म्हटल्यावर मी कुरुळीच्या घरी रीतसर तक्ता आखला. एकीकडे रोजची गोळी. ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. दुसरीकडे आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं इंजेक्शन. मळमळ दोन्हीकडे, खर्च दोन्हीकडे. सुईची मला भीती, म्हणून गोळी पास केली आणि खाली सहीसुद्धा ठोकली.

बायकोने तक्ता वाचून एवढंच विचारलं, "अहो, सकाळी म्हणजे कुठल्या शिफ्टच्या?"

मी चिडलो, कारण प्रश्न बरोबर होता. माझी सकाळ एका आठवड्यात पहाटे चारला होते, दुसऱ्यात दुपारी बाराला.

शिफ्टचं ऐकून डॉक्टरीणबाईंनाही इंजेक्शनच बरं वाटलं. दिवस ठरला गुरुवार, कंपनीच्या सुट्टीचा. पहिले काही गुरुवार मळमळीत गेले आणि मी घरात सगळ्यांवर खेकसलो. मग हळूहळू कॅन्टीनमध्ये दुसऱ्यांदा भात घेणं आपोआप सुटलं.

गेल्या आठवड्यात कामावर निघताना सेफ्टी शूज घालत होतो. पोट आड येतं म्हणून वर्षभर माझ्या नाड्या बायकोच बांधायची. ती सवयीने खाली बसली, तोवर माझ्या बांधून झाल्या होत्या.